बोकोबाची रात्रीची शुगर आणि अंगावरचा सेन्सर: वापरून झाल्यावर लिहितेय

चार स्टार देतेय. पाचवा कापला तो चिकटण्यासाठी, त्यावर खाली सविस्तर भांडणार आहेच. पण ज्यांच्या घरी डायबेटिक मांजर आहे आणि दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचणं चालू आहे त्यांनी निदान एकदा तरी हा सेन्सर लावून बघावा, आणि तो मुख्यतः रात्रीसाठी. दिवसाची शुगर काय, कान टोचून स्ट्रिपवरही कळते. रात्री दीड वाजता कोण उठतंय कान टोचायला, आणि उठलं तरी रोज थोडंच उठणार.

वस्तू काय आहे ते आधी सांगते. माणसांच्या दंडावर लावतात तोच कंटिन्युअस ग्लुकोज सेन्सर, मांजरासाठी वेगळा बनवलेला नाही, व्हेट लोक तो त्यांच्या अनुभवावर वापरतात. गोल चपटी चकती, खाली केसाएवढी बारीक लवचिक तार, ती कातडीखाली जाते आणि तिथल्या द्रवातली शुगर मोजत राहते. रक्तातली नाही हां, पेशींच्या मधल्या पाण्यातली. त्यामुळे रक्तातली शुगर भराभर बदलत असेल तर सेन्सर थोडा मागून येतो. लावल्यावर साधारण तासाभराने आकडे यायला लागतात, पण पहिल्या दिवसाचे आकडे मनावर घेऊ नका, तार नुकतीच आत गेलेली असते, सेन्सर स्थिरावायला वेळ घेतो.

आमचे बोकोबा म्हणजे वयस्कर, नसबंदी झालेले, आणि वजन म्हणाल तर उचलून घेताना आधी श्वास घ्यावा लागतो असे. म्हणजे मांजरांच्या डायबेटिसचा अगदी पुस्तकी पेशंट. मांजरांमधला डायबेटिस बहुतेक वेळा माणसांच्या टाइप २ सारखा असतो, शरीर इन्सुलिनला दाद देत नाही आणि हळूहळू स्वादुपिंडही थकतं. पाणी पिऊन पिऊन ट्रे भरून टाकणं, खाऊनही वजन उतरणं, मागचे पाय टाचेवर टेकवून चालणं, हे सगळं झालं आणि इन्सुलिन सुरू झालं.

आता क्लिनिकमधल्या शुगरचा त्रास असा की मांजर टेबलावर घाबरलं की शुगर चढते. डायबेटिस नसलेल्या मांजराचीही नुसत्या भीतीने ३०० च्या घरात जाऊ शकते, मग डायबेटिक मांजराचा तिथला आकडा बघून काय कळणार. फ्रुक्टोसामाइन म्हणून रक्ताची एक टेस्ट असते, ती मागच्या दोनेक आठवड्यांचा अंदाज देते आणि घाबरण्याने ती बदलत नाही, चांगली टेस्ट आहे, पण तो शेवटी अंदाजच, सरासरी. रात्री ५० आणि सकाळी ३५० असेल तरी सरासरी बरी दिसू शकते. आणि ५० हाच तर आकडा आहे ज्याने मांजर जातं. जास्त शुगर हळूहळू त्रास देते, कमी शुगर एका रात्रीत खेळ संपवते, म्हणून डोस ठरतो तो बहुतांशी दिवसातल्या सगळ्यात खालच्या आकड्यावरून, इंजेक्शनच्या आधीच्या आकड्यावरून नाही. हे व्हेटने आम्हाला पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं पण तो सगळ्यात खालचा आकडा कोणी बघितलेलाच नव्हता ना.

आमचं वेळापत्रक सकाळी आठ, रात्री आठ. सुरुवातीला यू-४० वालं (एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) लेंटे नावाचं इन्सुलिन होतं. सकाळी आठला कान टोचला की आकडा ३०० च्या वरच, आठवडेच्या आठवडे तेच, आणि कोणीही म्हणेल की डोस कमी पडतोय, वाढवा. व्हेटने वाढवायच्या आधी सेन्सर लावू म्हटलं. आणि पहिल्या दोन-तीन रात्रींचा ग्राफ बघून सगळंच चित्र उलटं निघालं. आठला टोचलं, मग आकडा घसरत घसरत बाराच्या सुमारास ७०-८० ला टेकत होता, थोडा वेळ तिथेच, आणि पहाटे चारपासून पुन्हा सरळ वर. आठ वाजता आम्ही उठून जे ३०० बघत होतो ते इन्सुलिन संपून गेल्याचे ३०० होते. डोस वाढवला असता तर सकाळ फार सुधारली नसती, मध्यरात्र मात्र ७० वरून आणखी खाली गेली असती आणि आम्ही शेजारच्या खोलीत घोरत असतो.

इथे एक गोष्ट बोलूनच टाकते, कारण नेटवर सकाळचा प्रत्येक मोठा आकडा दिसला की लोक लगेच रिबाउंड रिबाउंड करतात, म्हणजे रात्री शुगर फार पडली म्हणून शरीराने घाबरून वर ढकलली. तसं होतं कधीकधी, पण मांजरांमध्ये वाटतं तेवढं ते वारंवार होत नाही. साधं कारण जास्त वेळा खरं असतं, इन्सुलिन बारा तास पुरलंच नाही. लेंटे बऱ्याच मांजरांमध्ये आठ-दहा तासांत संपतं. आमच्या ग्राफमध्ये ते चक्क दिसत होतं.

मग व्हेटने ग्लार्जिनवर, म्हणजे जास्त वेळ पुरणाऱ्या दुसऱ्या इन्सुलिनवर आणलं. ते यू-१००, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट, आणि आधीचं ४० युनिट. सिरिंज बदलायलाच लागते, आणि हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं जर लिहिता आलं असतं तर: यू-१०० इन्सुलिन यू-४० च्या सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत भरलं तर अडीच पट डोस जातो. अडीच पट. घरात दोन्ही प्रकारच्या सिरिंज ठेवूच नका, जुन्या त्याच दिवशी काढून टाका. मांजराचा डोस एक-दीड युनिटच्या आसपास फिरत असतो त्यामुळे अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली बारीक सिरिंज मागून घ्या, साध्या सिरिंजवर अर्धा युनिट म्हणजे नुसता अंदाजपंचे.

ग्लार्जिन आल्यावरही ग्राफ लगेच सपाट झाला नाही. ते कातडीखाली साठून हळूहळू सुटतं, त्यामुळे डोस बदलला की खरा परिणाम दिसायला काही दिवस जातात, आणि सेन्सरचा सगळ्यात मोठा धोका मला तिथेच वाटतो, दर पाच मिनिटांनी फोन बघून हात शिवशिवतात. रात्री अकराला ३२० दिसले की वाटतं थोडं अजून टोचावं का. नाही. आधीचं इन्सुलिन आत काम करतच असतं, त्यावर दुसरं चढवलं की दोन्ही मिळून पहाटे पाडतात. टोचताना सुई केसातच गेली, इन्सुलिन बाहेर सांडल्यासारखं वाटलं, तरी पुन्हा टोचायचं नाही, पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. एक वेळ जास्त शुगरने काही बिघडत नाही. आणि मांजर जेवलंच नसेल, उलट्या करत असेल तर नेहमीचा डोस देण्याआधी व्हेटला फोन, तिथे सेन्सरला विचारू नका.

अलार्मबद्दल. जुन्या प्रकारच्या सेन्सरमध्ये अलार्म नाही, फोन जवळ नेऊन स्कॅन केलं तरच आकडा, आणि त्याच्या पोटात फक्त आठ तासांचा डाटा राहतो, म्हणजे रात्री दहाला स्कॅन केलं आणि सकाळी आठला परत केलं तर मधले दोन तास गायब. नव्या प्रकारात ब्लूटूथ आहे, शुगर ठरवलेल्या आकड्याखाली गेली की फोन बोंबलतो. रात्रीसाठी घ्यायचा तर अलार्मवालाच घ्या, दुसरा घेण्यात अर्थ नाही. पण ब्लूटूथची पोच एका खोलीपुरतीच धरा, मध्ये भिंत आली आणि बोकोबा कपाटाच्या मागे जाऊन झोपले की सिग्नल गेला, मग सिग्नल गेल्याचाही वेगळा अलार्म. आम्ही रात्रीपुरतं त्यांना आमच्याच खोलीत बंद करायला लागलो, त्यावर त्यांचं मत चांगलं नव्हतं.

आणि खोटे अलार्म! ही गोष्ट कोणी आधी सांगत नाही. मांजर सेन्सरच्या कुशीवर झोपलं की तिथली कातडी दबते, तिथला द्रव हलत नाही, आणि सेन्सर बिनधास्त ४५ दाखवतो. पहिल्यांदा झालं तेव्हा पोटात गोळा आला. कान टोचला तर मीटरवर १३०, साहेब आळस देऊन दुसऱ्या कुशीवर वळले आणि थोड्या वेळात सेन्सरही शंभरच्या वर. ग्राफ बघायची सवय झाली की हे ओळखू येतं, खरी घसरण उतारासारखी येते, दबलेला सेन्सर एकदम खड्ड्यात पडतो आणि तसाच एकदम वर येतो. तरी ग्राफवरून ठरवायचं नाही, मीटरने बघायचं. अपवाद एकच, मांजर लडखडतंय, थरथरतंय, हाक मारली तर लक्ष नाही, झटके येतायत, तर मीटर शोधत बसू नका, मध किंवा ग्लुकोजचं पाणी बोटाने हिरड्यांना चोळा, शुद्धीवर असेल तर खायला द्या, आणि व्हेटकडे निघा. झटका चालू असताना तोंडात ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं.

म्हणजे सेन्सर घेतला म्हणून ग्लुकोमीटर कपाटात टाकता येत नाही. मीटर शक्यतो प्राण्यांसाठीचा, मांजराचा कोड घालता येतो असा. माणसांच्या मीटरवर मांजराची शुगर खऱ्यापेक्षा कमी येते, कारण मांजराच्या रक्तातली जवळजवळ सगळी शुगर प्लाझ्मात असते, लाल पेशींत फार थोडी, माणसात तसं नसतं आणि मीटर माणसाच्या हिशोबाने बनलेला असतो. माणसांचा वापरला तरी चालतो असं बरेच व्हेट सांगतात, फक्त एकच मीटर धरून ठेवा आणि व्हेटला सांगा कोणता आहे ते, नाहीतर दोघांचे आकडे कधी जुळायचे नाहीत.

आता चिकटण्याचं भांडण. खोक्यावर १४ दिवस लिहिलेलं असतं, ते माणसांच्या गुळगुळीत दंडाचे १४ दिवस. मांजराच्या अंगावर पूर्ण मुदत टिकला तर नशीब समजा, बऱ्याच जणांचा आठवडाभरातच निघतो. केस अगदी कातडीपर्यंत काढायला लागतात, स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडं होऊ द्यायचं, कडेला व्हेट टिश्यू ग्लूचे थेंब लावतात, आणि हे सगळं व्हेटकडूनच करून घ्या, घरी कैची घेऊन बसू नका, मांजराची कातडी कागदासारखी पातळ असते. जागा कोणती हाही प्रश्नच. मानेच्या मागे लावला तर मागच्या पायाने खाजवून काढतात, बरगडीवर लावला तर त्यावर झोपतात आणि खोटे अलार्म येतात. आमच्याकडे खांद्याच्या मागे वरच्या बाजूला सगळ्यात जास्त टिकला. वरून मऊ कापडाचा अंगरखा घातला तर थोडा फायदा होतो पण बोकोबा अंगरखा घातला की आडवेच पडतात, चालायचं विसरतात, मग खाणं पण नाही, त्यामुळे तो बेत सोडून दिला. काढल्यावर खाली लालसर गोल राहतो, आमचा आपोआप गेला, तुमचा ओला किंवा सुजलेला दिसला तर दाखवा.

किंमत जास्तच आहे आणि एकदा लावून भागत नाही, म्हणून सतत लावून ठेवायचा हट्ट मी तरी करत नाही. नवीन निदान झालंय, इन्सुलिन बदललंय, डोस बदललाय, किंवा ओल्या, कमी कार्बच्या खाण्यावर आणताय, अशा वेळी लावा. खाणं बदलताना तर नक्कीच, कारण कार्ब कमी झाले की इन्सुलिनची गरज झपाट्याने उतरते आणि तोच जुना डोस रात्री जड पडतो. काही मांजरं तर चांगला कंट्रोल लवकर मिळाला की इन्सुलिनमधून पूर्ण सुटतात, आणि ती सुटायला लागली हे सगळ्यात आधी रात्रीच्या ग्राफवरच दिसतं, तळ हळूहळू खाली सरकायला लागतो. बाकी वेळी आमचं कानावर भागतं.

एक शेवटचं, खोकं फोडायच्या आधी तुमच्या फोनवर त्याचं अ‍ॅप चालतंय का ते बघून घ्या, आणि व्हेटला ग्राफ पाठवता येतो तो पर्याय पहिल्याच दिवशी चालू करा. आमच्या व्हेटना स्क्रीनशॉटवर स्क्रीनशॉट नको असतात, त्यांना इंजेक्शनची वेळ, खाण्याची वेळ आणि ग्राफ एकत्र लागतो, म्हणून अ‍ॅपमध्ये नोंद करायची सोय आहे तिथे मी "टोचलं", "खाल्लं", "अर्धंच खाल्लं" एवढंच लिहिते, तेवढं त्यांना पुरतं.