जिनिव्हाची नवी घड्याळे आणि नाशिकचे मनगट

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका टूलरूममध्ये माझी बावीस वर्षे मायक्रॉनच्या हिशेबात गेली आहेत. त्यामुळे घड्याळ हातात आले की माझी नजर आधी त्याच्या कडांवर जाते. पॉलिश कुठे थांबले आहे, काट्याची धार दोन्ही बाजूंनी सारखी आहे का, चावी ओढताना ती सैल लागते का, हे मी पाहतो आणि नाव त्यानंतर वाचतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये बारीक शाफ्ट कातणाऱ्या लेथच्या प्रशिक्षणासाठी स्वित्झर्लंडला जाणे झाले आणि परतीच्या आधीचा शनिवार जिनिव्हात मोकळा मिळाला. विमानतळाला लागूनच असलेल्या पालेक्स्पो या प्रदर्शनगृहात १ ते ७ एप्रिल या काळात ‘वॉचेस अँड वंडर्स’ हे घड्याळ उद्योगाचे वार्षिक प्रदर्शन भरले होते. तेथे साठ ब्रँड आले होते आणि शेवटचे तीन दिवस सर्वसामान्यांसाठी खुले होते. बहुतेक घड्याळे मी काचेआडून पाहिली, काही मनगटावर बांधून पाहिली आणि ज्या एका घड्याळाने मला खरोखर अडवले ते नंतर मुंबईच्या एका दुकानात पुन्हा जाऊन तासभर न्याहाळले.

ते घड्याळ म्हणजे जपानच्या ग्रँड सेइकोचे ‘स्प्रिंग ड्राइव्ह यूएफए’ (अल्ट्रा फाइन अ‍ॅक्युरसी, म्हणजे अतिसूक्ष्म अचूकता), टायटॅनियममधील एसएलजीबी००३ हे मॉडेल. त्याची महती समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. माझे वडील ओझरच्या विमान कारखान्यात होते आणि त्यांच्या मनगटावर एचएमटीचे ‘जनता’ असे. रोज सकाळी दाढी झाली की ते त्याला चावी देत आणि रेडिओवर बातम्यांच्या आधीचे ‘पीप’ ऐकून मिनिटकाटा जुळवत. दिवसाला अर्धा मिनिट इकडेतिकडे होणे आमच्या घरी चूक मानले जात नव्हते. आजही उत्तम यांत्रिक घड्याळाची अचूकता दिवसाच्या सेकंदांत मोजतात. स्विस क्रोनोमीटर, म्हणजे अचूकतेची चाचणी उत्तीर्ण झालेल्या घड्याळाच्या प्रमाणपत्राला दिवसाला उणे चार ते अधिक सहा सेकंद इतकी सूट असते. यूएफएची ग्वाही वर्षाला अधिक-उणे वीस सेकंदांची आहे, म्हणजे पाडव्याला लावलेले घड्याळ पुढच्या पाडव्याला अर्ध्या मिनिटाच्या आतच चुकलेले असेल, आणि तेही बॅटरीशिवाय.

हे कसे साधले, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. या घड्याळात नेहमीसारखी मुख्य स्प्रिंग आहे, मनगटाच्या हालचालीने ती गुंडाळली जाते आणि तीच चाकांची सगळी माळ फिरवते. फरक माळेच्या शेवटी आहे. तेथे टकटक करणारे एस्केपमेंट, म्हणजे स्प्रिंगची ताकद ठोक्याठोक्याने सोडणारा भाग, नसून सेकंदाला आठ फेरे घेणारे एक छोटे चाक आहे, ते फिरता फिरता किंचित वीज निर्माण करते, त्या विजेवर क्वार्ट्झचा स्फटिक आणि एक इवलीशी चिप चालते आणि स्फटिकाच्या सेकंदाला ३२,७६८ कंपनांशी ताडून पाहून चिप त्या चाकाला चुंबकाचा हलका ब्रेक लावत राहते. म्हणजे ताकद स्प्रिंगची आणि शिस्त स्फटिकाची. कल्पना १९७७ मधली असली तरी विक्रीचे पहिले घड्याळ यायला १९९९ उजाडले. अचूकता तेव्हा दिवसाला एक सेकंद होती, पुढे महिन्याला दहा सेकंदांपर्यंत आली आणि आताच्या ९आरबी२ या यंत्रात तीन महिने ‘मुरवलेला’ स्फटिक चिपसह निर्वात कवचात बसवून, तापमानाची भरपाई करून, ती वर्षाच्या हिशेबात आणली आहे. डिसेंबरात निफाडच्या बाजूने थंडी उतरते तेव्हा रात्री टेबलावर काढून ठेवलेले घड्याळ पहाटे हाताला बर्फासारखे लागते आणि मे महिन्यात तेच चाळीस अंशांच्या आसपास असते. स्फटिकाची कंपने तापमानानुसार बदलतात, म्हणून आपल्याकडच्या माणसाला ही भरपाई शोभेची न वाटता कामाची वाटावी.

मुंबईच्या दुकानात मी ते उजेडाकडे धरले तेव्हा सेकंदकाटा एकाही जागी न थांबता तबकडीवरून सरकत होता, शांत पाण्यावरून पान वाहत जावे तसा. तबकडी बर्फाळ निळसर आहे आणि तिच्यावर जपानच्या किरिगामिने पठारावरील गोठलेल्या झाडांचे उभे-तिरपे पोत आहेत. खिडकीकडे वळवले की तिच्यातला निळा उतरतो आणि जवळजवळ पांढरा राहतो. काट्यांच्या कडा मी भिंगातून पाहिल्या. सपाट आणि तिरपा भाग जेथे मिळतात तेथे रेघ इतकी स्वच्छ आहे की आमच्याकडच्या ग्राइंडिंगवाल्या कारागिरांना ती दाखवावीशी वाटली. व्यास ३७ मिमी, म्हणजे ‘जनता’पेक्षा किंचितच मोठा, आणि टायटॅनियममुळे वजन जाणवत नाही. आणखी एक गोष्ट कागदावर क्षुल्लक दिसते, पण प्रत्यक्षात मोठी आहे. पट्ट्याचे नवे कुलूप दोन-दोन मिलिमीटरच्या तीन टप्प्यांत सैल करता येते. उन्हाळ्यात दुपारनंतर मनगट फुगते आणि धातूचा पट्टा रुतू लागतो हे ज्याने सोसले आहे त्याला या सहा मिलिमीटरचे मोल सांगावे लागणार नाही. उणीव म्हणावी तर जाडी ११.४ मिमी आहे आणि घट्ट बाहीखाली ती अडते. माझ्या मते ३७ मिमी व्यासाला एक मिलिमीटर कमी जाडी अधिक खुलली असती.

प्रदर्शनात सगळ्यात मोठी गर्दी अर्थातच रोलेक्सच्या ‘लँड-ड्वेलर’भोवती होती. षटकोनी खोबणींच्या मधाच्या पोळ्यासारखी तबकडी, खाचदार कडा आणि घराशी, म्हणजे यंत्राभोवतीच्या धातूच्या डबीशी, एकजीव झालेला चपटा पट्टा, हे सारे एकाच वेळी बोलू लागते आणि तबकडीवर डोळा ठरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ६ आणि ९ हे दोन मोठे आकडे नसते तर मला ती अधिक आवडली असती. मात्र या घड्याळाचे मागचे झाकण पारदर्शक आहे आणि खरी बातमी त्या बाजूला आहे. ७१३५ या नव्या यंत्रात ‘डायनापल्स’ नावाचे नवे एस्केपमेंट आहे. स्विस लिव्हर या नेहमीच्या एस्केपमेंटमध्ये माणकाचा दात चाकाच्या दातावर घासत सरकतो आणि त्या घासण्यातच बरीच शक्ती वाया जाते. येथे सिलिकॉनची दोन चाके एकमेकांत गुंतून फिरतात आणि त्यांचे दात मधल्या झुलत्या भागाला लोळत लोळत धक्का देतात. यामुळे सुमारे तीस टक्के शक्ती वाचते, असे कंपनी सांगते. ती बचत वापरून बॅलन्सचा, म्हणजे मागेपुढे झुलून ठोके देणाऱ्या चाकाचा, वेग सेकंदाला आठ ठोक्यांवरून दहा ठोक्यांवर नेला आहे आणि तरीही एकदा पूर्ण चावी भरली की घड्याळ ६६ तास चालते. घराची जाडी ९.७ मिमीच आहे. हे तिन्ही एकत्र साधणे किती कठीण आहे, हे ज्याने वेग वाढवताच मशीनचे बेअरिंग तापताना पाहिले आहे तोच जाणेल.

परत आल्यावर रविवार कारंज्याजवळ बसणाऱ्या घड्याळजीकाकांना मी या यंत्राचा व्हिडिओ फोनवर दाखवला. वडिलांचे ‘जनता’ तेच सांभाळतात. डोळ्याचे भिंग कपाळावर सरकवून त्यांनी तो दोनदा पाहिला आणि फक्त एवढेच विचारले, “याला तेल कुठं द्यायचं?” सिलिकॉनला तेलाची गरज जवळजवळ नसते, हे भाग कातून नाही तर चिपसारखे कोरून काढतात, असे मी सांगितल्यावर ते काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मग तुटला तर घासून दुसरा बसवता येणार नाही म्हणायचा.” त्यांचे म्हणणे योग्य आहे. जुन्या घड्याळाचा झिजलेला दांडा आमच्या गावातसुद्धा कातून बसवता येतो. नव्या पद्धतीचा भाग कंपनीकडूनच यावा लागतो आणि अशा घड्याळाचा खरेदीदार पुढच्या तीस वर्षांसाठी त्या कंपनीशी बांधला जातो.

याउलट ए. लांग उंड झोनेचे ‘१८१५’ हे घड्याळ ३४ मिमी व्यासात आले आहे आणि त्याच्यापाशी मी ठरवले होते त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ उभा राहिलो. निळी तबकडी, अरबी आकडे, रेल्वेच्या रुळांसारखी मिनिटांची पट्टी आणि सेकंदांचे छोटे वर्तुळ यांपलीकडे समोरच्या बाजूला काही नाही. चावी हाताने द्यायची आणि एकदा दिली की ते ७२ तास चालते. घर सोन्याचे, पांढरे किंवा गुलाबी, आणि जाडी अवघी ६.४ मिमी. गेली वीस-पंचवीस वर्षे पुरुषांची घड्याळे ४२ आणि ४४ मिमीपर्यंत फुगत गेली तेव्हा आमच्यासारख्या सडपातळ मनगटाच्या माणसांनी दुकानातून रिकाम्या हाताने परतायचे, हा जणू नियम झाला होता. जर्मनीच्या सॅक्सनीतल्या ग्लासह्युटे या गावच्या इतक्या मानाच्या कंपनीने ३४ मिमीचे घड्याळ पुरुषांसाठी की स्त्रियांसाठी याची चर्चा न करता मांडावे, याचा मला फार आनंद झाला. किंमत माझ्या आवाक्यात कधीच येणार नाही, तरीही या प्रदर्शनातले सर्वांत देखणे घड्याळ कोणते असे विचारले तर मी हेच दाखवीन.

त्याच गावच्या नोमोसचे ‘क्लब स्पोर्ट निओमॅटिक वर्ल्डटायमर’ हे जगभरच्या वेळा दाखवणारे घड्याळ मात्र मनगटावर बांधून पाहिले. ४० मिमी व्यास असूनही ते ९.९ मिमी इतके पातळ आहे की हातावर टेकूनच बसते. बटण दाबले की शहरांची कडी आणि तासकाटा एकेक तास पुढे उडी घेतात आणि उजवीकडच्या छोट्या चोवीसतासी वर्तुळात घरची वेळ तशीच राहते. बटणाची उडी कोरडी, नेमकी, मन सुखावणारी आहे. अडचण आपली आहे. चोवीस शहरांच्या कोणत्याही जागतिक घड्याळात एकेक तासाच्या उड्या असतात आणि आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे, त्यामुळे भारतीयाला तो अर्धा तास मनातच मिळवावा लागतो. मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखांशावर आपली वेळ ठरते आणि नाशिक त्याच्या बरेच पश्चिमेला असल्याने आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तोच सरासरी दुपारी बारा पस्तीसला, हे मला त्या दालनात उभे असताना प्रकर्षाने आठवले. ज्यांचा मुलगा फ्रँकफर्टला किंवा सिंगापूरला आहे अशा नाशिककरांनी हे घड्याळ जरूर पाहावे, परंतु अर्ध्या तासाची खूणगाठ बांधूनच.

कार्तिएने १९२८ चे ‘टँक आ गिशे’ पुन्हा आणले आहे. तबकडीच्या जागी धातूचा सपाट पत्रा, त्यात तास आणि मिनिटांच्या दोन खिडक्या, आणि चावी थेट बाराच्या जागी. वेळ एका दृष्टिक्षेपात कळत नाही, पण पत्र्यावरचे ब्रशचे काम अप्रतिम आहे. व्हॅशरॉन कॉन्स्टँटिनने आपल्या २७० व्या वर्षानिमित्त ‘सोलारिया’ हे एकमेव घड्याळ सादर केले. त्यात १,५२१ सुटे भाग आणि साध्या वेळेपलीकडच्या ४१ करामती असून ते सारे ४५ मिमीच्या घरात मावते. त्याच्यापुढे हात जोडावेत, खरेदीचा सल्ला देण्याचे ते घड्याळ नव्हे.

रोजच्या वापराचा विचार करता मी टॅग ह्युअरच्या ‘फॉर्म्युला १ सोलारग्राफ’चे नाव घेईन. १९८६ च्या मूळ घड्याळाचे हे ३८ मिमीतले नवे रूप आहे, प्रकाशावर चार्ज होते आणि पूर्ण चार्ज झाले की अंधारातही सुमारे दहा महिने चालते. दोन मिनिटांचे ऊन दिवसभराला पुरते. गंगापूर रोडला सकाळी फिरायला जाणाऱ्याला एवढे ऊन पावसाळ्याचे काही आठवडे सोडले तर केव्हाही मिळेल. रंग उजळ आहेत, तरुणांना शोभतील. मला काळ्या तबकडीचे पोलादी घड्याळ बरे वाटले. यांत्रिकतेचे सुख त्यात नाही, पण यात जोखीमही नाही.

आता पैशांचे. भारत आणि स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांच्या गटातील करार १० मार्च २०२४ रोजी झाला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. स्विस घड्याळांवरील आयात शुल्क त्यानुसार टप्प्याटप्प्याने उतरायचे आहे, म्हणून ज्यांना स्विस घड्याळाची घाई नाही त्यांनी थोडे थांबायला हरकत नाही. जपानी घड्याळाला हा करार लागू नाही. यूएफएची किंमत दहा हजार डॉलरच्या पुढे आहे आणि ती माझ्या दृष्टीने लहान रक्कम नव्हे. किमतीहूनही मोठा प्रश्न दुरुस्तीचा आहे. माझे एक परदेशी स्वयंचलित घड्याळ काही वर्षांपूर्वी एका अधिकृत केंद्राकडे साफसफाईसाठी दिले, ते साडेचार महिन्यांनी परत आले आणि मागच्या झाकणावर हत्यार घसरल्याची ताजी रेघ होती. तक्रारीला मिळालेले उत्तर दोन ओळींचे होते. म्हणून नाशिकच्या खरेदीदाराने बिल करण्यापूर्वी घड्याळ दुरुस्तीला कोठे जाईल, किती दिवसांत येईल आणि तोपर्यंत जबाबदारी कोणाची, या तिन्ही गोष्टी लेखी घ्याव्यात. यूएफएच्या यंत्रात, काही वर्षांच्या वापराने स्फटिक किंचित सरकला तर पुन्हा जुळवता यावे, अशी सोय सर्व्हिसिंगसाठी ठेवलेली आहे. ती वापरणारा प्रशिक्षित माणूस आपल्या देशात आहे का, हा प्रश्न मी मुंबईच्या दुकानात विचारला आहे आणि त्यांचे लेखी उत्तर येईपर्यंत बयाणा दिलेला नाही.