डॅशबोर्डने दाखवलेला ‘ळ’

देवगड तालुक्यातल्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत माझ्याकडे तिसरी-चौथीची मिळून १९ मुलं. त्यातली चार नेपाळी. आईवडील हापूसच्या बागेत राखणीला. दिवाळीच्या सुमारास येतात, आंबा संपला की जातात. त्यांचं मराठी कुठवर आलं ते कळावं म्हणून वाचन-सरावाच्या एका ॲपचा शिक्षकांसाठीचा डॅशबोर्ड यंदा घेतला.

वर्गाची सरासरी मी फारशी बघत नाही. मुलाच्या नावावर बोट ठेवलं की त्याने कुठला शब्द कितव्या प्रयत्नात वाचला ते उघडतं, आणि पैसे तिथेच वसूल होतात. चौघांच्याही पानावर ‘नारळ’, ‘काळा’, ‘होळी’ लाल! नेपाळीची लिपी देवनागरीच, पण नेपाळीत ‘ळ’ नाही. दोन महिने मी नुसतं ‘परत वाच’ म्हणत होते, याचं फार वाईट वाटलं. मग आठवडाभर फक्त ‘ळ’ घेतला, जीभ मागे कशी वळते ते तोंड उघडून दाखवलं. धाकटीचा ‘नारळ’ चौथ्या दिवशी हिरवा झाला.

एक गोष्ट मात्र खटकते. गोष्ट सांगताना आमच्या पोराने ‘मला’ऐवजी ‘माका’ म्हटलं की ॲप चूक धरतं. पोर चुकलेलं नाही, घरची मालवणी बोललंय. तो शेरा शिक्षकाला बदलता यायलाच हवा. रेंज नसताना केलेला सरावही कधीकधी दोनदा मोजला जातो.

मे अखेरीस चौघांची पानं छापून पालकांच्या हातात दिली, पुढच्या शाळेत दाखवायला. वर्गणी पुढच्या वर्षीही भरणार.