यू१ ते यू६ मोजायचे कसे: नॉर्दर्न ब्लॉट, क्यूपीसीआर की सिक्वेन्सिंग?

माणूस आणि उंदीर, दोघांच्या कर्कपेशी आणि निरोगी पेशी. यांच्या केंद्रकातले यू१, यू२, यू४, यू५ आणि यू६ हे छोटे आरएनए (जनुकाच्या संदेशातले नको असलेले तुकडे, म्हणजे इंट्रॉन, कापायला मदत करणारे) ताडून पाहायचे असतील, तर पद्धत ठरवण्याआधी आरएनए काढायचं किट बघा. हे रेणू मानवात साधारण १०६ ते १९० न्यूक्लिओटाइडचे (आरएनएच्या साखळीतले दुवे; पुढचे लांबीचे आकडेही त्यांचेच). नेहमीच्या सिलिका कॉलममधून २०० च्या खालचे बरेचसे रेणू वाहून जातात. मग पुढचे सगळे आकडे फुकट. ट्रायझॉल (आरएनए काढायचं फिनॉलयुक्त द्रावण) किंवा मायक्रोआरएनएचं, म्हणजे लहान आरएनएही राखणारं, किट वापरा.

नमुने मोजके असतील तर आमचं मत नॉर्दर्न ब्लॉटला, म्हणजे आरएनए जेलवर लांबीनुसार वेगळे करून पटलावर उतरवायचे आणि हवा तो शोधायचा. ८ ते १० टक्के पॉलिअॅक्रिलअमाइड जेल, ७-८ मोलर यूरिया, दर लेनला २ ते ५ मायक्रोग्रॅम आरएनए. नुसत्या इथिडियम ब्रोमाइडवर (सगळ्याच आरएनएला चढणारा रंग) विसंबू नका. ११६ चा यू५ हा १२० च्या ५एस रायबोसोमल आरएनएच्या ठळक पट्ट्यात हरवतो, आणि १६४ च्या यू१ ला ५.८एस हा दुसरा रायबोसोमल आरएनए खेटून बसलेला असतो. प्रोब, म्हणजे ठराविक आरएनएलाच चिकटणारा खूण लावलेला तुकडा, हवाच. यू१ चं सुरुवातीचं टोक किंवा यू६ चा मधला भाग धरला, तर माणूस-उंदीर एकाच प्रोबवर भागतात. यीस्टला मात्र वेगळं जेल लागेल, कारण त्याचा यू२ तब्बल ११७५ चा आहे. शिवाय नमुना सडला असेल तर ब्लॉटवर लगेच कळतं.

नमुने ढीगभर असतील तर क्यूपीसीआर, म्हणजे आरएनएची डीएनए प्रत करून ती वाढवत मोजायची पद्धत. या रेणूंना पॉली-ए शेपूट (टोकाला ए अक्षरांची लांब रांग) नसल्यामुळे त्या शेपटीला चिकटणारा ऑलिगो-डीटी प्रायमर चालत नाही. रँडम हेक्झामर (कुठेही चिकटणारे सहा अक्षरी प्रायमर) घ्या. मानवी जीनोममध्ये यू१ आणि यू६ ची छद्मजनुकं (जनुकांच्या निकामी नकला) शेकड्यांनी आहेत आणि त्यांत इंट्रॉनही नाहीत, म्हणून डीएनएज (डीएनए तोडणारं विकर) न वापरल्यास डीएनएच मोजला जातो. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजविना (आरएनएची डीएनए प्रत करणाऱ्या विकराशिवाय) एक कंट्रोल ठेवाच. सवयीने यू६ ला संदर्भ धरलं जातं; इथे तोच तपासायचाय, तेव्हा ५एस घ्या, आणि शक्यतो पेशी मोजून स्पाइक-इनही (ठराविक मापाचा बाहेरचा आरएनए) टाका. कर्कपेशीत रायबोसोमच वाढलेले असतील तर एकटा ५एस दगा देतो.

सिक्वेन्सिंग महाग, आणि तयार किट इथे फसतात. पॉली-ए शेपटीवरून आरएनए निवडणाऱ्या लायब्ररीत हे रेणू येत नाहीत. स्मॉल आरएनए किटमध्ये सुरुवातीच्या टोकावरच्या कॅपमुळे (रासायनिक टोपी) अडॅप्टर (सिक्वेन्सिंगसाठी जोडायचा तुकडा) जुळत नाही. यू६ च्या दुसऱ्या टोकाला चक्रीय फॉस्फेट असतो, तो आधी पीएनके या विकराने काढावा लागतो. पण उत्परिवर्तन शोधायचं असेल तर सहसा हीच वाट धरावी लागते. यू१ च्या तिसऱ्या स्थानी ए चा सी झालेला क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया आणि यकृताच्या कर्करोगात २०१९ मध्ये नोंदला गेला. नेहमीच्या क्यूपीसीआरचा प्रायमर अनेकदा नेमका त्याच जागेवर बसतो, त्यामुळे तो बदल तिथे दिसत नाही.