‘वाड्यातल्या समई’चा तीन मजली ट्रे: फसवणूक नेमकी कुठे दडते

मधला खांब म्हणून जुन्या समईचा दांडा, त्यावर उतरत्या मापाची तीन पितळी ताटं आणि टोकाला समईचाच मोर. हळदीकुंकवाला किंवा गौरींपुढे फराळ मांडायला असा ट्रे हवाहवासा वाटतो, म्हणूनच तो जोडून ‘वाड्यातलं मूळ सामान’ म्हणून विकणारेही वाढलेत. असाच विकत घेतलेला एक ट्रे खोलल्यावर आत काय निघालं, ते इथे देत आहोत. विकणाऱ्याचं नाव देत नाही. या युक्त्या एकट्या त्याच्या नाहीत.

ट्रेचं वजन ४ किलो २०० ग्रॅम. ‘पितळ आहे, वजनालाच पैसे’ म्हणून किंमत किलोवर ठरली. बैठकीच्या तळाला हिरवं फेल्ट चिकटवलेलं होतं, फरशीवर चरे पडू नयेत म्हणून. ते सोललं तर आत प्लास्टर ऑफ पॅरिस आणि त्यात रुतवलेले लोखंडी नट-बोल्ट. सगळं खरवडून काढल्यावर दीड किलोहून जास्त भर निघाली, आणि त्या भरीचे पैसे पितळेच्या भावाने मोजलेले होते. एक गोष्ट विकणाऱ्यांच्या बाजूने सांगायला हवी: ओतीव समईची बैठक पोकळच असते आणि ती डुगडुगू नये म्हणून आत वाळू किंवा लाख भरण्याची पद्धत जुनी आहे. नुसती भर सापडली म्हणजे लबाडी झाली असं नाही. वजनावर विकायचं आणि भर झाकायची, ही लबाडी.

लोहचुंबक लावून पाहिला नव्हता का? पाहिला होता, पण विकणाऱ्याने तो सगळ्यात खालच्या १२ इंची ताटाला लावून दाखवला. ते ताट खरं पितळेचं. वरची ९ आणि ६ इंची ताटं लोखंडी पत्र्यावर पितळी मुलामा दिलेली. चुंबक स्वतःचा न्यावा आणि प्रत्येक ताटाला, दांड्याच्या प्रत्येक तुकड्याला, बैठकीला, मोराला वेगवेगळा लावावा. फेल्टवरूनही लावावा, आतले नट-बोल्ट तेव्हाच कळले असते.

जस्ताच्या मिश्रधातूला किंवा ॲल्युमिनियमला मुलामा दिलेला असेल, तर मात्र चुंबक काहीच सांगत नाही. तिथे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा कामाला येतो. आधी वस्तू कोरडी तोलायची. मग पाण्याचं पातेलं काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि वस्तू दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून अधांतरी धरायची, तळाला किंवा कडेला टेकू द्यायची नाही. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर तिचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागायचं. ६२० ग्रॅमच्या ताटाने काटा ७३ वर नेला, तर उत्तर ८.५ येतं. पितळ साधारण ८.४ ते ८.७, जस्ताचा मिश्रधातू ६.७च्या आसपास, ॲल्युमिनियम २.७. दांडा दोन्ही टोकांना बंद असेल तर आतल्या हवेमुळे किंवा भरीमुळे उत्तर ४-५ वर येतं. तेव्हा तो उघडून पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

खरी गंमत दांड्यात आहे. समई तुकड्यातुकड्यांनी आट्यांवर बसते: बैठक, दांड्याचे दोन-तीन भाग, तेलाचं तबक, वर मोर किंवा कळस. जुन्या समयांचे आटे ज्याच्या त्याच्या हातचे, त्यामुळे एकीचा तुकडा दुसरीत क्वचितच नीट बसतो. एकाच समईचा तुकडा असेल तर तो अडखळत का होईना, चार-पाच वेढे आत जातो आणि शेवटी कडेला कड भिडते. या ट्रेचा मधला तुकडा दीड वेढ्यात थांबला. आट्यांवर नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप होती, तिच्यावर एपॉक्सी आणि फट दिसू नये म्हणून काळा रंग. तीन वेगवेगळ्या समयांचे अवशेष, आणि त्यातला एक तर लेथवरून नुकता उतरलेला. नखाने चाचपलं तर त्याच्यावर बारीक समांतर वेढे लागत होते. दुकानात ‘जरा खोलून दाखवा’ म्हटल्यावर ‘जुना आहे, तुटेल’ असं उत्तर आलं, तर ट्रे तिथेच ठेवावा.

रंगाचंही तसंच. पितळ वापरातून काळवंडतं तेव्हा नक्षीच्या खाचेत काळं साठतं आणि हात लागतो तिथे, म्हणजे कडेला आणि मोराच्या पाठीवर, ते उजळ राहतं. आम्लाने किंवा अमोनियाच्या वाफेने आणलेला काळेपणा सगळीकडे सारखा असतो, ताटाच्या पालथ्या बाजूलाही. कापसावर नेलपॉलिश काढायचं द्रावण घेऊन एका कोपऱ्यात घासावं. कळंक, म्हणजे पितळेवर चढणारा हिरवा थर, म्हणून रंगवलेला हिरवा त्यावर उतरतो, खरा कळंक हलत नाही.

खालच्या ताटावर एका बाईंचं नाव आणि १९५२ हे साल ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं होतं, आणि भाव वाढला होता तो त्याच्याच जोरावर. भांड्यांवर नाव घालायची आपली पद्धत सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ती विकायलाही सोपी. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक ठिपक्याची कड धारदार, आणि आत पिवळं लख्ख पितळ. चिंच आणि राखेने वर्षानुवर्षं घासलेल्या ताटावर ठिपक्यांच्या कडा बोथट होतात, ‘सौ.’मधलं टिंब तर पुसट होत जातं. म्हणजे ताट खरं पितळेचं, नाव मात्र ताट मुद्दाम काळं केल्यानंतर घातलेलं. हाताने ठोकलेलं मठारकाम म्हणून विकल्या जाणाऱ्या ताटांतही हाच खेळ चालतो. हाताचे ठोके एकसारखे नसतात. साच्यात दाबलेल्या ताटावर तोच नमुना ठरावीक अंतराने पुन्हा येतो. नजर तयार करायची असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले दिवे सावकाश पाहावेत, आणि कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोके पडताना पाहावेत.

वय सांगताना ‘दीडशे वर्षांपूर्वीचं’ हे शब्द सहज येतात. त्यावर एकच मागणी करावी: बिलावर लिहून द्या. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू ‘पुरावस्तू’ ठरते आणि तिच्या व्यापाराला परवाना लागतो. हे ऐकल्यावर ट्रे बहुतेक वेळा ‘तसा चाळीसेक वर्षांचा’ होतो.

सुटं सामान आणून ट्रे स्वतः जोडला तर यातलं बरंच टळतं. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे ताटं सुटी मिळतात. भाव मोडीच्या दरापासून सुरू करावा. ताटाचा मध्य डोळ्यांनी ठरवू नये. ताटाएवढा कागद कापून चार घड्या घालाव्यात, टोक पडेल तिथे खूण. खाली लाकडाचा ठोकळा ठेवून आधी ३ मिलिमीटरचं, मग ६.५चं भोक. पितळ ड्रिलच्या टोकाला अडकून ताट गरकन फिरतं आणि बोटं कापतात, म्हणून ते ठोकळ्याला क्लॅम्पने आवळावं. काशाच्या ताटाला हात लावू नये. टिचकी मारली की लांब घुमतं ते कासं, भोक पाडताना ते तडकतं. चिनी मातीच्या बशीला डायमंडचं टोक, पाणी आणि कमी वेग. ड्रिलचा ठोके देणारा मोड बंद.

दांड्याच्या पोकळीतून ६ मिलिमीटरची आट्यांची सळी घालावी आणि प्रत्येक ताटाच्या वर-खाली रबरी वायसर द्यावेत. मग जुन्या आट्यांवर भार येत नाही आणि कुठेही चिकटवावं लागत नाही. ताटांमध्ये खाली ७ आणि वर ६ इंच अंतर ठेवलं तर लाडवांचा ढीग वरच्या ताटाला लागत नाही. बिनकल्हईच्या पितळेवर लिंबू पिळलेला चिवडा थेट ठेवू नये. सांध्यावर डाखाचा राखाडी मऊ धातू दिसला आणि कागदावर घासल्यावर रेघ उमटली तर त्यात शिसं असू शकतं. असा ट्रे फुलं-दिव्यांपुरताच.

ऑनलाइन घेताना तळाचा, फेल्ट सोललेला फोटो आणि सुट्या तुकड्यांचा व्हिडिओ पैसे देण्याआधी मागावा. पार्सल उघडताना सलग चित्रण करावं, त्यात वजनकाटाही दिसू द्यावा. परताव्यासाठी कोणी क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायला सांगितलं तर थांबावं, पैसे यायला पिन लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन, आणि माल खोटा निघाला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

या ट्रेची तक्रार फेल्ट सोलण्याआधीच्या फोटोंअभावी रखडली. ‘भर तुम्हीच घातली असेल’ हे विकणाऱ्याचं म्हणणं खोडायला काहीच हाताशी नव्हतं.