हापूसच्या ऑर्डरी घेणारा व्हॉट्सॲप एजंट: बोलतो झकास, टूलची वर्णनं अर्धवट

देवगड-रत्नागिरी पट्ट्यातल्या बागायतदारांना हल्ली व्हॉट्सॲपवर परस्पर ऑर्डर घेणारे एआय एजंट विकले जातायत. त्यातल्या एका तयार सेवेचं हे परीक्षण. नाव मुद्दाम देत नाही, कारण यातले दोष तिच्या एकटीचे नाहीत.

एजंटचं मराठी चांगलं आहे. ‘पेटी कितीला?’, ‘पायरी सुरू झाली का?’, ‘बारका नको, मोठं फळ द्या’ असं काहीही विचारा, गडबडत नाही. रडगाणं सुरू होतं ते त्याला काही करायची वेळ आली की. एजंटमागच्या एआय मॉडेलला टूलच्या, म्हणजे मेसेज पाठवणं, ऑर्डर नोंदवणं अशी कामं करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, आतला कोड दिसत नाही. त्याला दिसतं ते टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर (त्यात भरायचे खण), एवढंच. तिथे जे लिहिलेलं नाही ते तो स्वतःच्या अंदाजाने भरून काढतो.

मेसेज पाठवणाऱ्या टूलचं मूळ वर्णन एका ओळीचं आहे: ‘ग्राहकाला मेसेज पाठवतो.’ व्हॉट्सॲपच्या बिझनेस प्लॅटफॉर्मवर ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजपासून 24 तासच साधा मजकूर पाठवता येतो, त्यानंतर टेम्प्लेटच, म्हणजे आधी मंजूर करून घेतलेला ठरीव मजकूर, लागतं. याचा वर्णनात पत्ताच नाही. मग पाडव्याला भाव विचारून गेलेल्या गिऱ्हाइकाला अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर ‘माल तयार आहे’ कळवायला गेलं की 131047 ही एरर येते. एजंटला वाटतं मजकूरच चुकला. तो शब्द बदलून पुन्हा पाठवतो, पुन्हा तीच एरर.

उलटी चूक, म्हणजे नको तिथे नको ते टेम्प्लेट पाठवणं, खिशाला लागते. 1 जुलै 2025 पासून टेम्प्लेटचे पैसे दर मेसेजमागे पडतात. 24 तासांच्या मुदतीतला साधा मजकूर फुकट, मुदतीतलं युटिलिटी (ऑर्डरची माहिती देणारं) टेम्प्लेटही फुकट. मार्केटिंग टेम्प्लेटचे पैसे मात्र एरवी मुदतीतही पडतात. या सेवेत टेम्प्लेटची नावं आहेत ‘ऑफर 1’, ‘ऑफर 2’. कुठलं कशासाठी, याचा एक शब्द नाही. पार्सल निघाल्याचं कळवायला एजंटने मार्केटिंगचं टेम्प्लेट उचललं तर दोष त्याचा कसा?

सुदैवाने ही सेवा वर्णनं बदलू देते. आमच्या मते मेसेज पाठवणाऱ्या टूलचं वर्णन असं हवं:

‘ज्या ग्राहकाने गेल्या 24 तासांत स्वतः मेसेज केला आहे, त्याला साधा मजकूर पाठवण्यासाठी. मुदत उलटली असल्यास हे वापरू नका, “टेम्प्लेट पाठवा” वापरा. नंबर देशाच्या कोडसह द्या, नुसते दहा आकडे नकोत. उत्तरात मिळणारा आयडी म्हणजे मेसेज स्वीकारला गेला. तो पोचला असं समजू नका. टाइमआउट आल्यास (वेळेत उत्तर न मिळाल्यास) लगेच पुन्हा पाठवू नका, आधी “पाठवलेले मेसेज” तपासा.’

सहा वाक्यं झाली, पण ती जास्त नाहीत. क्लॉड हे एआय मॉडेल बनवणाऱ्या अँथ्रोपिक कंपनीच्या मार्गदर्शनातही दर टूलला किमान तीन-चार वाक्यं लिहा असंच सांगितलंय. शेवटची दोन तर कोकणात हवीतच. घाटात रेंज नसलेल्या ड्रायव्हरला मेसेज पोचलेला नसतो आणि एजंट मालकाला ‘कळवलं’ म्हणून मोकळा होतो. टाइमआउटनंतर तोच मजकूर दोनदा जाणं हाही नेहमीचाच प्रकार.

ऑर्डर नोंदवणारं टूल याहून धोक्याचं आहे. त्यात ‘प्रमाण’ असं एकच खण आहे, एकक नाही. पेटीत किती डझन बसतात हे फळाच्या आकारावर ठरतं, हे इथल्या पोराला ठाऊक असतं. मॉडेल ‘दोन पेट्या’ ऐकून नुसता 2 टाकतं आणि पुढे तो दोन डझनही धरला जातो. इथे वर्णन वाढवण्यापेक्षा पॅरामीटर फोडावा: पेट्यांची संख्या वेगळी, दर पेटीतले डझन वेगळे आणि त्यात 4, 5, 6 असे ठरलेले आकडेच चालतील असं बंधन. ग्राहकाने डझन सांगितले नसतील तर आधी विचारा, हे वर्णनात लिहावं. तारखेचंही तसंच. ‘परवा पाठवा’ जसंच्या तसं टूलमध्ये न जाता दिवस-महिना-वर्ष होऊनच जायला हवं, आणि त्यासाठी आजची तारीख एजंटला आधी दिलेली असावी.

‘ग्राहक शोधा’ आणि ‘ग्राहक माहिती’ ही दोन टूलं जवळपास एकच काम करतात. एक काढून टाका.

उरलं सगळ्यांना एकदम मेसेज टाकणारं टूल. त्याच्या वर्णनात ‘मालकाची परवानगी घ्या’ असं लिहिलंय, विक्रेताही ते कौतुकाने दाखवतो. पण वर्णन म्हणजे नुसती सूचना, ती मॉडेल पाळेलच याची हमी नाही. मालकाने फोनवर ‘हो’ दाबल्याशिवाय हे टूल चालूच नये अशी अडसर कोडमध्येच घालून मागा. तेवढं करून देत नसतील तर हंगामात हे टूल बंद ठेवून बाकीची सेवा घ्यायला हरकत नाही.