ब्रुफेन, ॲस्पिरिन की साधी पॅरासिटामॉल? घरात स्तनाचा कॅन्सर असताना गोळी निवडायची तर

परवा दुपारी दुकानात एक बाई आल्या, पन्नाशी नुकतीच ओलांडलेल्या. पर्समधून कापलेली पट्टी काढली. चार गोळ्या शिल्लक, एक्स्पायरीची तारीख कात्रीने दुसऱ्या तुकड्याबरोबर गेलेली. "दादा, गुडघ्यासाठी ब्रुफेन घेते. बहिणीला ब्रेस्टचा कॅन्सर झालाय. कुणी म्हणतं या गोळीने टळतो, कुणी म्हणतं याच गोळीने होतो. ही बंद करून ॲस्पिरिन सुरू करू का?"

गंमत अशी की तिला सांगणारे दोघेही खोटं बोलत नव्हते. २००३ साली अमेरिकेत पाळी गेलेल्या ८० हजारांवर बायकांच्या पाहणीत दहा वर्षं किंवा जास्त काळ नेहमी आयब्युप्रोफेन, म्हणजे आपली ब्रुफेन, घेणाऱ्यांमध्ये स्तनाचा कर्करोग ४९ टक्के कमी दिसला. दोनच वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या शिक्षिकांच्या पाहणीत, पाच वर्षं किंवा जास्त काळ रोज तीच गोळी घेणाऱ्यांमध्ये तो सुमारे ५० टक्के जास्त निघाला. गोळी तीच, उत्तरं दोन टोकांची. अशा वेळी गोळीवर नाही, पाहणीच्या पद्धतीवर संशय घ्यावा. रोज वेदनाशामक घेणारी बाई आणि न घेणारी बाई यांच्यात वजन, आजार, डॉक्टरकडे जाण्याची सवय, सगळंच वेगळं असतं.

ॲस्पिरिनची बाजू वरवर भक्कम वाटते. दाह झाला की कॉक्स-२ हे विकर वाढतं, त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं आणि ते चरबीतल्या ॲरोमाटेज या दुसऱ्या विकराला चेतवतं. ॲरोमाटेज इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक बनवतं, आणि स्तनाच्या बऱ्याच गाठी इस्ट्रोजेनवरच पोसतात. म्हणजे ॲस्पिरिनने कॉक्स दाबा, इस्ट्रोजेन घटवा. कागदावर बिनतोड. त्याच शिक्षिकांच्या २०१७ च्या अहवालात आठवड्यातून तीनदा किंवा जास्त वेळा कमी डोसची ॲस्पिरिन घेणाऱ्यांत धोका १६ टक्के कमी दिसला.

पण चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना खरी, अर्ध्यांना खोटी गोळी दिली की हे सगळं विरून जातं. जवळपास ४० हजार निरोगी बायकांना दहा वर्षं एकाआड एक दिवस १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा खोटी गोळी दिली होती. २००५ साली निकाल आला: स्तनाच्या कर्करोगात फरक नाही. आधीच स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या ३,०२० रुग्णांवर रोज ३०० मिलिग्रॅमची चाचणी झाली, ती फायदा दिसण्याची चिन्हं नाहीत म्हणून मध्येच थांबवली. २०२४ च्या अहवालात ॲस्पिरिनच्या गटात रोग उलटण्याचं प्रमाण उलट थोडं जास्तच होतं, अर्थात तो फरक योगायोगाचाही असू शकतो. याच प्रश्नावरच्या आणखी एका मोठ्या चाचणीत ब्रिटन आणि आयर्लंडसोबत भारतही आहे, मुंबईच्या टाटा मेमोरियलसह. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ॲस्पिरिनचं पारडं जरा जड आहे, पण ते इथे लावू नये.

किंमत मात्र नक्की मोजावी लागते. ॲस्पिरिनने रक्त पातळ होतं, जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. बहुतेक सत्तरी पार केलेल्या १९,११४ जणांच्या चाचणीत मोठा रक्तस्राव ॲस्पिरिनच्या गटात सुमारे ३८ टक्के जास्त होता, आणि कर्करोगाने झालेले मृत्यूही जास्त. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक यांचा त्रास पोटाला होतोच, शिवाय मूत्रपिंडाला आणि बीपीला. शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं तर 'पित्त झालं असेल' म्हणत बसू नये.

सेलेकॉक्सिब या वेदनाशामक गोळीने तरी काही होईल, अशी आशा होती. ती नेमकी कॉक्स-२ वरच मारा करते. ब्रिटन आणि जर्मनीतल्या स्तनाच्या कर्करोगाच्या २,६३९ रुग्णांना दोन वर्षं देऊन पाहिली, रोग परतायचा तेवढा परतलाच.

उरली क्रोसिन, डोलो. ही पॅरासिटामॉल, दाहावर तिचा जोर नगण्य, म्हणून ती या वादात येतच नाही. कॉम्बिफ्लॅम मात्र येते, तिच्यात पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेनही असतं. हे काउंटरवर दिवसातून चारदा सांगावं लागतं.

माझं मत विचाराल तर कर्करोग टाळायला यातली एकही गोळी सुरू करू नका, आणि त्याच्या भीतीने बंदही करू नका. गुडघा सुजला असेल तर डॉक्टरांना विचारून चार दिवस ब्रुफेन, जेवणानंतर. नुसतं ठणकत असेल तर आधी पॅरासिटामॉल किंवा लावायचं जेल. हार्टसाठी ॲस्पिरिन लिहून दिलेली असेल तर तिला हात लावू नका.

खरोखर धोका जास्त असलेल्या बाईसाठी वेगळं औषध आहे: टॅमॉक्सिफेन. १९९८ च्या अमेरिकी चाचणीत त्याने पसरणारा स्तनाचा कर्करोग ४९ टक्क्यांनी घटवला होता. त्यालाही गर्भाशयाच्या कर्करोगाचा आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका आहे, म्हणून ते तज्ज्ञ घरातला इतिहास तपासूनच देतात.

म्हणून मी त्या बाईंना विचारलं, "बहिणीला कितव्या वर्षी निघाला?"

"बेचाळिसाव्या."

मग पट्टी बाजूला ठेवली आणि औषधाच्या पुडीवर लिहून दिलं: कॅन्सरच्या डॉक्टरांना भेटणे, मॅमोग्राफी, जनुकांच्या तपासणीबद्दल विचारणे. "आईकडच्या कुणाला होता का?"

त्यांनी पुडी घडी करून पर्समध्ये ठेवली. "मावशीला होता म्हणतात. पण आमच्याकडे ते कुणी बोलत नाही."