आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे म्हणून निवांत बसू नका (बोटीवर ८ महिने वापरल्यानंतर)

आमची साडेपाच मीटरची छोटी बोट आहे, पेट्रोल इंजिन आत बसवलेलं. ८ महिन्यांपूर्वी तिच्यासाठी एकेक किलोचे दोन ड्राय पावडरचे सिलिंडर, एक फायर ब्लँकेट (आगीवर टाकून ती दाबायची चादर) आणि तळाशी बसवायचा पेट्रोलच्या वाफेचा अलार्म घेतला. तेव्हापासून जवळपास दर रविवारी बोट पाण्यात असते, आता खात्रीने लिहू शकतो.

सगळ्यात आधी जागेचं सांगतो, कारण तिथेच आमची मोठी चूक झाली होती. बसवणाऱ्याने दोन्ही सिलिंडर इंजिनच्या झाकणाशेजारीच लावून दिले, दिसायला एकदम नीटनेटके. एकदा घरच्यांना म्हटलं, समजा इंजिनला आग लागली, पळा, सिलिंडर आणा, तर पोरगी निघाली आणि मधेच थांबली, म्हणाली बाबा, आग तर तिथेच आहे ना. त्याच दिवशी एक स्टिअरिंगपाशी आणला आणि दुसरा पुढे केबिनच्या दाराशी. ब्लँकेटचंही तेच, स्टोव्हच्या बरोब्बर वर टांगलं होतं, पेटलेल्या भांड्यावरून हात नेऊन कोण ओढणार ते, बाजूला घेतलं.

आता सिलिंडरचं. काटा ८ महिने हिरव्यातच आहे, पण तो फक्त आतलं प्रेशर सांगतो, पावडर मोकळी आहे का ते नाही. बोटीच्या सततच्या हादऱ्यांनी पावडर खाली बसत बसत घट्ट होते. मी महिन्यातून एकदा उलटा करून धरतो, पावडर सरकून खाली येते ते हाताला चक्क जाणवतं. चौथ्या महिन्यात एक उलटा केला तर आत काहीच हललं नाही, सगळं वजन जिथल्या तिथे, मग रबरी हातोडीने बुडावर हलकं हलकं ठोकलं तेव्हा गोळा सुटला. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं याचा मला खरंच राग आला. खाऱ्या पाण्याने पिनही (मारायच्या आधी ओढून काढायची ती) घट्ट धरायला लागली होती, म्हणून आता ती पुसून, सील न तोडता जरा फिरते का ते बघतो.

एक मुदत संपलेला जुना सिलिंडर होता तो किनाऱ्यावर मोकळ्यात मारून बघितला. ८-१० सेकंदांत खेळ खलास! म्हणजे ज्वाळेवर मारत बसलो तर हातात काही उरत नाही, मुळाशीच मारायचं आणि नोझल डावी-उजवीकडे फिरवायचं. इंजिनच्या झाकणाला एक छोटं भोक पण करून घेतलंय, आग आत असेल तर नोझल त्यातून घालायचं, झाकण उघडलं की हवा मिळून भडका उडतो.

अलार्मने मात्र पैसे वसूल केले. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी जाऊन साचते, वर उभं राहून वास येईलच असं नाही. आम्ही इंजिन सुरू करायच्या आधी ४ मिनिटं ब्लोअर (तळातली हवा बाहेर फेकणारा पंखा) लावतोच, पण सहाव्या महिन्यात एका सकाळी बोटीवर पाय ठेवला तर अलार्म आधीच कोकलत होता. कुठल्याच बटणाला हात लावला नाही, सगळ्यांना खाली उतरवलं, झाकणं उघडून वारा खेळू दिला आणि बऱ्याच वेळाने आत बघितलं तर फिल्टरपाशी होजची क्लिप ढिली होऊन थेंब थेंब पेट्रोल खाली साचलेलं. ब्लोअर वाफ काढतो हो, सांडलेलं पेट्रोल तो काढत नाही! त्या दिवशी बोट निघालीच नाही.

तक्रार एकच, सेन्सर पाण्यात भिजला की वेड्यासारखा वाजत राहतो. आमचा दुसऱ्याच महिन्यात गेला, नुसता सेन्सर वेगळा मिळेना, पूर्ण सेट परत घ्यावा लागला. म्हणून तळाच्या पाण्यापासून जरा वर बसवा, पण फार वर नको, नाहीतर वाफ त्याच्यापर्यंत पोचायची नाही.

लाइफ जॅकेट आधी केबिनमधल्या पेटीत होते, ते आता बसायच्या जागेखाली बाहेरच ठेवलेत. नवीन पाहुणा आला की पोरगी त्याला दोन्ही सिलिंडर हात लावून दाखवायला लावते, मगच आम्ही दोरी सोडतो.